अमेरिकेचा तास, आळंदच्या पत्रिका

२७ जानेवारी, मंगळवार

गुरुपादय्या अप्पांच्या प्रेसमध्ये आज दुसरा दिवस. आळंदमध्ये छपाईची दुकानं बरीच आहेत, पण लग्नपत्रिका म्हटलं की लोक इथेच येतात. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, दोन्ही नीट जुळवून मिळतं.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बीसीएचा निकाल लागला तेव्हा आईने पेढे वाटताना गल्लीभर सांगितलं होतं की पंचशीला आता मोठ्या कंपनीत जाणार. मी प्रेसमध्ये आले. त्याचं मला वाईट वाटत नाही. जिथे जाईन तिथे पद्धत आणायची, हे मी ठरवलेलं आहे.

इथे पद्धत कसलीच नाही. दोन कॉम्प्युटर आहेत. दोन्ही अप्पांच्या मुलाने, गुरुबसवने, अमेरिकेहून आणून दिलेले. एक जुना, त्याला सगळे डबा म्हणतात. दुसरा लॅपटॉप. डब्यावर इथला टायपिस्ट शरणबसव पहिला मजकूर टाइप करतो, गिऱ्हाईक बाकावर चहा पीत बसतं, कच्ची प्रत बघतं, आणि दुरुस्त्या लॅपटॉपवर मी करते. छपाई मात्र डब्यावरून. मग शेवटची खरी फाईल कुठली, असं मी विचारलं. शरणबसव म्हणाला, "अंदाजानं कळतंय की." 

दोन्ही यंत्रांवर घड्याळ अमेरिकेचं आहे. सकाळी साडेदहाला आपण दुकान उघडतो तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात रात्रीचे बारा. मी लगेच बदलायला गेले, तर अप्पा गल्ल्यावरून ओरडले, "त्याला हात लावू नको."

"अप्पा, वेळ चुकीची दाखवायलंय."

"चुकीची न्हाई. तिथली बरोबर हाय. बाकी काय करायचं ते कर."

वॉरंटीचा काहीतरी नियम असणार.

४ फेब्रुवारी, बुधवार

आज पद्धत आणली. एक प्रोग्रॅम बसवला. तो दोन्ही यंत्रांतल्या फायलींच्या वेळा बघतो, आणि जी फाईल उशिराची, ती दोन्हीकडे ठेवतो. जुनी आपोआप पुसली जाते. दर सोमवारी हा मेळ घालायचा आणि मग छपाई सुरू करायची. अंदाजाचं कामच नाही.

नवी आवृत्ती डब्यावर चालेना, म्हणून तिथे त्याच प्रोग्रॅमची बरीच जुनी आवृत्ती टाकली. दोन आवृत्त्या एकत्र नांदतील का, याची थोडी धाकधूक आहे. पण चाचणी घेतली, चाललं.

शरणबसवने फायलींच्या वेळा बघितल्या आणि म्हणाला, "अक्का, आळंदमध्ये आपण दिवसा काम करायलाव, अमेरिकेत रात्री. मग रात्रपाळीचे पैसे कुठं हायत?" त्याला कशाचंच गांभीर्य नाही.

अप्पांना आहे. रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला ते उठून येतात, चष्मा कपाळावर चढवून कोपऱ्यातलं घड्याळ (तेव्हा तिथे सकाळचे साडेसहा) बघतात, मान हलवतात आणि परत जाऊन बसतात. या वयात मालक यंत्रावर इतकं लक्ष ठेवतात, हे शिकण्यासारखं आहे.

७ मार्च, शनिवार

आज नागसेनची पत्रिका झाली. माझ्या भावाची पत्रिका मी केली! लग्न १२ एप्रिलला, मुलगी जनवाड्याची, प्रियंका.

बाबा डाळ मिलमधून जेवणाच्या सुट्टीत आले. अंगभर तुरीची धूळ. बाकावर टोकाला बसले. शरणबसवने पहिला मजकूर टाइप केला. बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो वर, मंगल परिणय सकाळी ११ वाजून ३५ मिनिटांनी, निमंत्रक म्हणून बाबांचं एकट्याचं नाव. प्रत हातात घेऊन बाबा पाच मिनिटं बघत राहिले.

मला माहीत होतं ते काय बघत होते. मोठ्या काकांचं नाव नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी ताईच्या लग्नात पत्रिका दुसऱ्या गावाहून छापून आली, तीत गुंडेराव काकांचं नाव 'व्यवस्थापक' खाली पडलं होतं. वर मांडववाला, खाली लाउडस्पीकरवाला, मध्ये सख्खा थोरला भाऊ. काका भर मांडवात बाबांना म्हणाले, "रामा, मी काय खुर्च्या मोजायला आलो व्हय?" आणि उमरग्याला निघून गेले. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. उमरगा इथून काही फार लांब नाही, पण ते महाराष्ट्रात, राज्याची हद्द मध्ये आहे आणि बाबा तीच पुढे करतात. म्हणे, तिकडं जायला कागद लागत असतील.

मी गेल्या महिन्यात काकांना फोन केला होता. ते एवढंच म्हणाले, "पत्रिका बघून ठरवतो, पंचे."

बाबांनी चहा संपवला. कपबशी बाकाखाली ठेवली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "घाल त्याचं नाव. वरती घाल. माझ्या वरती." आणि लगेच, "टायमाचं पण बारा पस्तीस कर. त्याला उमरग्याहून यायचंय."

मी लॅपटॉपवर दुरुस्ती केली. अर्ध्या तासात सगळं झालं. बाबांना पुन्हा प्रत दाखवली तर ते म्हणाले, "बघू काय त्यात? तू केलीस न्हवं." पदवीचा उपयोग आज झाला असं वाटलं.

१० मार्च, मंगळवार

काल मेळ घातला, आज छपाई. आमच्या पत्रिकांचा गठ्ठा कागदात बांधूनच घरी गेला. बाबांनी त्यातली एकही वाचून बघितली नाही, नागसेनच्या मित्रांनी परस्पर वाटायला घेतला. पहिली पत्रिका बाबांनी उमरग्याच्या बसमधल्या ओळखीच्या कंडक्टरच्या हातात दिली. "त्याच्या घरी जाऊन दे," एवढंच म्हणाले, आणि बस हलेपर्यंत उभे राहिले.

१३ मार्च, शुक्रवार

काहीतरी भयंकर झालं आहे.

सकाळी एक गृहस्थ आले. त्यांच्या पत्रिकेत नवऱ्या मुलाच्या नावापुढे इंजिनिअर नाही. बाकावर बसून त्यांनी माझ्यासमोर घालून घेतलं होतं! पाठोपाठ लिंगम्मा अक्कांच्या, म्हणजे अप्पांच्या पत्नीच्या, माहेरचे. त्यांच्या पत्रिकेत आजोबांच्या नावाआधी 'लिंगैक्य' नाही, त्यामुळे वारलेले आजोबा स्वतः सगळ्यांना अगत्याचं निमंत्रण देत आहेत. दोघातिघांनी म्हणे घरी येऊन त्यांची तब्येत विचारली.

दुपारपर्यंत अशा सात. सगळ्या गेल्या आठवड्यातल्या. सगळीकडे कच्चा मजकूर छापला गेला आहे.

मग मला आमच्या गठ्ठ्याची आठवण झाली. घरी धावत गेले. एक पत्रिका उघडली. ११ वाजून ३५ मिनिटं. निमंत्रक, रामराव. काका कुठेच नाहीत. व्यवस्थापकांतसुद्धा नाहीत.

कंडक्टरने ती मंगळवारीच पोचवली.

बाबांना सांगितलं नाही. ते आईला विचारत होते, उमरग्याहून काही फोन?

१४ मार्च, शनिवार

कारण सापडलं. लिहून ठेवते, म्हणजे माझा माझ्यावर विश्वास बसेल.

गेल्या रविवारी अमेरिकेत सगळ्यांनी घड्याळं एक तास पुढे केली. तिकडे दर मार्चला करतात, उजेडाचा तास वाढावा म्हणून, आणि नोव्हेंबरला परत मागे घेतात. आपल्या दोन्ही यंत्रांनीही निमूटपणे केली. आता फायलींच्या जुन्या वेळा कशा वाचायच्या, यावर आवृत्त्यांचं पटत नाही. नवी आवृत्ती त्या दिवसाच्या फायलीला त्या दिवसाचा नियम लावते. जुनी आवृत्ती आजचा नियम मागच्या सगळ्या दिवसांना लावते. म्हणून डब्यावरची प्रत्येक कच्ची फाईल एका तासाने तरुण झाली, आणि तासाभराच्या आत मी जी दुरुस्ती केली होती, ती तिच्यापुढे म्हातारी ठरून पुसली गेली.

यातून एक विचित्र निष्कर्ष निघतो. जे लोक बाकावर बसून चहा संपायच्या आत समजुतीने दुरुस्ती करून गेले, त्यांच्या पत्रिका बिघडल्या. जे घरी जाऊन भांडले, दोन दिवसांनी नवी यादी घेऊन उगवले, त्यांच्या बिनचूक. एका घरी तर व्याही एकमेकांवर धावून गेले होते. त्यांची पत्रिका देखणी झाली आहे.

हे सगळं मी अप्पांना, लिंगम्मा अक्कांना आणि शरणबसवला समजावून सांगितलं.

अक्का म्हणाल्या, "एक तास पुढं? कामून? तिथं सूर्य उशिरा उठतो व्हय?"

"सूर्य तोच हो अक्का. माणसं लवकर उठतात."

"मग घड्याळाला कामून फिरवायलेत? माणसांना उठवावं की."

 मी म्हटलं, उपाय सोपा आहे, दोन्ही यंत्रांवर आपली वेळ लावू, आपल्याकडे घड्याळ फिरत नाही. अप्पा म्हणाले, "घड्याळाला हात न्हाई लावायचा." मग म्हणाले, "ते एक तास पुढं गेले तर आपण पण जाऊ."

मला वाटलं थट्टा आहे.

१६ मार्च, सोमवार

थट्टा नव्हती. आज दुकान साडेनऊला उघडलं. अप्पांनी भिंतीवरचं घड्याळ स्टुलावर चढून स्वतः एक तास पुढे केलं. यामुळे फायलींना काहीही फरक पडत नाही, हे मी तीनदा सांगितलं. अप्पांचं म्हणणं, फायलींना न पडू दे, दुकानाला पडतो.

मला पाटी लिहायला सांगितली. मी शक्य तितकी स्पष्ट लिहिली: 'यंत्रांच्या सोयीसाठी या दुकानात एक तास पुढची वेळ पाळली जाते.' दुपारपर्यंत शेजारच्या सोनाराने विचारलं की हा सरकारी हुकूम आहे का आणि फक्त लिंगायतांना आहे का सगळ्यांना. मंगल कार्यालयाच्या मॅनेजरचा फोन आला, तुमच्याकडच्या पत्रिकांवरचा टाइम आळंदचा धरायचा का अप्पांचा? शरणबसव एकदा दुकानाच्या वेळेने जेवला आणि तासाने गावाच्या वेळेने पुन्हा.

संध्याकाळी मोठ्या काकांचा फोन आला.

"पंचे, पत्रिका मिळाली. वरून खाली वाचली. खालून वर वाचली. कन्नड येत न्हाई तरी पाठीमागचं कन्नड पण बघितलं. माझं नाव कुठं हाय?"

 खोटं बोलायचं नाही हे ठरलेलं होतं. "मोठे काका, अमेरिकेत घड्याळं एक तास पुढं केली, म्हणून तुमचं नाव गेलं."



"आणिक एकदा सांग."

मी सगळं सांगितलं. आवृत्त्या, डबा, चहा, अर्धा तास. बाबा काय म्हणाले होते तेही, कुठे बघत म्हणाले होते तेही.

काका म्हणाले, "मी जन्मभर बस चालवली. लोकांची लई कारणं ऐकली. म्हैस आडवी आली, सासू वारली, एकाची तर एकच सासू चारदा वारली. हे कारण कवा ऐकलं न्हाई." मग म्हणाले, "रामाला एवढं खोटं सुचायचं न्हाई. नाव गाळलं असतं तर म्हनला असता, जागा न्हवती. उद्या येतो. दाखव मला तो डबा."

तांत्रिक माहिती नीट दिली की माणसाला पटते, हे आज कळलं.

१७ मार्च, मंगळवार

काका आले. उंच, पांढरी टोपी, गाडी थांबवायला पाय दाबावा तसा उजवा पाय बसल्या बसल्या दाबत राहतात. मी दोन्ही यंत्रं शेजारी ठेवून एकाच फाईलची वेळ दाखवली. एका तासाचा फरक.

"म्हंजे हा डबा आजचा नियम मागच्या दिवसाला लावायलाय?"

"व्हय."

"आणि ते तसं न्हवतंच."

"न्हवतं, काका."

"बिनडोक हाय मग."

तेवढ्यात जेवणाच्या सुट्टीत बाबा आले. मी सकाळीच त्यांना सगळं सांगून टाकलं होतं. ते दारातच थबकले. काकांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. बाबांनीही नाही. बाबा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि डब्याकडे बोट करून म्हणाले, "पंचे, ह्याला सांग, मी वरतीच घालायला सांगितलं होतं."

काका म्हणाले, "डब्याला इचार, मागच्या टायमाला खाली कुणी घातलं होतं?"

"डब्याला सांग, ते छापणाऱ्यानं केलं होतं. मी बघितलं न्हवतं."

"डब्याला इचार, बघितलं कामून न्हाई?"

"डब्याला सांग," बाबा हातावरची तुरीची धूळ झाडत म्हणाले, "मला तवा वाचाय येत न्हवतं. सगळ्यांना ठाऊक हाय. त्याला ठाऊक न्हवतं का?"

काकांचा पाय दाबायचा थांबला.

असं बराच वेळ चाललं. दोघंही डब्याशीच बोलत होते. या वयात दोघांना कॉम्प्युटरची इतकी गोडी लागेल असं मला वाटलं नव्हतं. मधे शरणबसवने चहा आणला, तर काका म्हणाले, "आधी डब्याला दे."

शेवटी नव्याने छापायचं का असा विषय निघाला, पण पत्रिका घरोघरी पोचल्या आहेत. काका उठले. "त्याच पत्रिकेवर पेनानं लिहायचं. प्रत्येकाच्या घरी जाऊन. ज्याचं नाव तो हजर पाहिजे, म्हंजे लोकांना वाटायचं न्हाई की कुणी मागनं घुसवलं."

बाबा डब्याला म्हणाले, "गाडी माझी हाय."

काका डब्याला म्हणाले, "चालवनार मी."

निघण्याआधी एक गोष्ट झाली. मी काकांना दाखवत होते की घड्याळ भारताचं केलं की हा प्रश्न कायमचा मिटतो, आणि हात पुढे नेला. अप्पा गल्ल्यावरून उठून आले आणि पडद्यावर तळवा ठेवून उभे राहिले.  काकांनी त्यांच्याकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या घड्याळाकडे, मग दुकानाच्या भिंतीवरच्या गुरुबसवच्या फोटोकडे.

"पोराला येऊन किती वर्सं झाली, अप्पा?"

"येणार हाय," अप्पा म्हणाले.

काका मला म्हणाले, "पंचे, घड्याळ ऱ्हाऊ दे."

काकांना सगळं समजलं असं मला वाटलं होतं. पण मूळ मुद्दा समजला नाही.

२२ मार्च, रविवार

पाच दिवस झाले, दोघं गाडीवर फिरत आहेत. काका पुढे, बाबा मागे, बाबांच्या खिशात निळं पेन. नाव बाबाच लिहितात. प्रौढांच्या वर्गात ते शिकले, सही करण्यापुरतं. आता अक्षर दर घरी थोडं सुधारतं आहे. सुरुवातीच्या पत्रिकांवर काकांचं नाव बाबांच्या नावाच्या अंगावर पडलं आहे. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी अमेरिकेची गोष्ट. ती काका सांगतात. काल ऐकलं तेव्हा तिच्यात बोइंग विमानही आलं होतं.

आई म्हणते, लिहून संपलं असेल एव्हाना. मी यादी बघितली, गुरुवारीच संपलं आहे. मग हे दोघं जातात कुठे, कळत नाही.

५ एप्रिल, रविवार

दुकानाचं घड्याळ परत आळंदवर आणलं. अक्कांनी आणलं. अप्पांना न विचारता स्टुलावर चढल्या आणि काटा मागे ओढला. म्हणाल्या, "माझ्या घरात एकच दुपार पाहिजे."

१२ एप्रिल, रविवार

लग्न झालं.

वेळेचं दुरुस्त करायचं सगळेच विसरलो होतो. पत्रिकांवर ११:३५ तसंच राहिलं. आपल्याकडे लोक तासभर उशिरा येतात, त्यामुळे सगळे बरोबर १२:३५ला जमले, आणि बाबांनी ठरवलेल्या मिनिटाला त्रिशरण-पंचशील सुरू झालं. भंतेजी म्हणाले, असं वेळेवरचं लग्न त्यांनी पहिल्यांदा बघितलं. मी त्यांना कारण सांगायला गेले, पण त्यांना दुसऱ्या लग्नाला उशीर होत होता.

मोठे काका सकाळी सातलाच आले होते. मी बघितलं तेव्हा मांडवात खुर्च्या मोजत होते.

१५ एप्रिल, बुधवार

कायमचा उपाय केला. डबा कामातून काढला. आता पहिला मजकूर आणि दुरुस्ती दोन्ही लॅपटॉपवर, त्याच्यावर भारताची वेळ, एकच आवृत्ती. छपाईचं यंत्रही त्यालाच जोडलं. अप्पांनी लॅपटॉपला हरकत घेतली नाही, फक्त विचारलं, "डबा राहतो न्हवं?"

डबा आता गल्ल्याशेजारी फळीवर आहे. फाईल नाही, काम नाही, नुसता चालू. पडद्यावर अमेरिकेची वेळ. मी अप्पांना समजावलं की बिनकामाच्या यंत्राला वीज जाळणं हे अपव्ययाचं उदाहरण आहे. ते म्हणाले, "असू दे."

दुपारी चारला, म्हणजे तिथल्या साडेसहाला, त्यांनी चष्मा वर केला, बसल्या जागेवरून बघितलं. आता उठावं लागत नाही, तेवढी एक सोय झाली.

मग मला विचारलं, "हे नोव्हेंबरात एक तास मागं जाईल म्हनलीस."

"व्हय अप्पा. एक तारखेला. आपोआप जातंय, काही करावं लागत न्हाई."

"तरी तू ये त्या दिवशी. रविवार हाय, मी बघितलंय. चुकलं तर मला कळणार न्हाई, तो कवा उठतो ते."

यंत्र उठत नाही, चालू होतं, असं मी सांगणार होते. पण त्यांचं लक्ष नव्हतं. मी येईन म्हटलं.